अठ्ठेचाळीस बाया आणि एक टाच

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. गोंदियात स्टेशनापासून बाजारापर्यंत ज्या दुकानावर देखणी पाटी दिसेल ती माझी, उमराव पेंटरची. आणि ज्या पाटीवर अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलून झोपा काढताना दिसतील ती चैतरामची. हे मी वैरापोटी सांगत नाही. वैर आहे, पण त्यापोटी सांगत नाही.

माझं गाव दवनीवाडा. सगळी धानाची शेती, आणि धान म्हणजे चिखल. चिखलाचा मला लहानपणापासून तिटकारा. बाराव्या वर्षी मी गोंदियाला पळालो, एका पेंटरचे रंगाचे डबे धुतले, आणि बाविसाव्या वर्षी स्वतःचा ब्रश धरला. घरची शेती मोठा भाऊ मनिराम बघायचा. माझी माय सुलोचनाबाई दरवर्षी रोवण्याला जायची. रोवणा म्हणजे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, उपटून चिखलात लावायची. ते काम बायांचं, बाप्या माणसानं त्यात हात घालायचा नाही. गावात रोवणाऱ्या बायांची टोळी मायची होती, आणि त्या टोळीत तिच्या शब्दापुढे पाटलाचंही काही चालत नसे.

मी पहिली पाटी रंगवली तेव्हा मायला मुद्दाम बैलगाडीनं गोंदियाला आणलं. दुकानासमोर उभं केलं आणि छाती फुगवून म्हणालो, "माय, हे म्या लिवलं."

तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं. "काय होय ते?"

"किराणा भांडार."

"मंग गूळ काऊन नाही काढला?"

मी समजावलं की अक्षरं वाचून लोकांना कळतं. ती म्हणाली, "मले तं नाही कळलं." झालं. गावी जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं, "उमराव लोकायच्या भिंतीले रंग लावते." बरं, एवढ्यावर थांबली असती तर ती माझी माय कसली! त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गावी गेलो, तेव्हा ताटात भात वाढता वाढता तिचा एकच प्रश्न असायचा. "अन् कामाले कवा लागशीन?"

सात वर्षं, दर खेपेला. माझं सगळं कर्तृत्व अक्षरांत, आणि मायला अक्षराची ओळख नाही. ह्याचं मला किती वाईट वाटायचं ते मी तेव्हा कोणाला बोललो नाही. आज बोलतो. फार वाईट वाटायचं.

सत्तावन्न साली, आम्ही मुंबई राज्यात जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा पुण्याहून एक साहेब गोंदियात आले. त्यांचं नाव सांगत नाही, उगाच म्हाताऱ्याला उचकी लागायची. शेतकऱ्यांना जपानी पद्धतीचा रोवणा शिकवायचा, हे त्यांचं काम. दोरी ताणून ओळीत रोवायचं, दोन रोपांत वीतभर जागा सोडायची, म्हणजे पीक दुप्पट येतं म्हणे. पण रोवणाऱ्या बायांना वाचता येत नाही. म्हणून चित्रांची फिल्म करायची आणि यंत्र लावून गावोगाव पडद्यावर दाखवायची. त्यासाठी साहेबांना एक चित्रकार हवा होता. जागा एकच. आधी परीक्षा माझी घ्यायचं ठरलं, आणि मी नापास झालो तर चैतराम तयारच होता.

साहेब म्हणाले, "अट एकच. चित्रांत एकही अक्षर नको. आणि दाखवताना कोणी तोंड उघडायचं नाही. चित्रं पाहून बायांनी स्वतः गोष्ट सांगितली पाहिजे. जमेल?"

लोकांना वाटलं उमराव सरकारी जागेसाठी हपापला. जागा हवीच होती, खोटं कशाला बोलू? पण माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. एकही अक्षर नाही! म्हणजे मायला कळेल असं काम जन्मात पहिल्यांदा माझ्या हातात येत होतं. मी म्हणालो, "साहेब, दवनीवाड्यालाच दाखवू. तिथली टोळी लई हुशार आहे." टोळी कोणाची ते सांगितलं नाही.

रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात शिकवणी सुरू झाली. साहेब, मी, आणि जीपचा ड्रायव्हर मुन्नालाल. मुन्नालाल गोंदियाचाच, गाडी चालवायचा आणि फिल्मचं यंत्रही. बाकी वेळ तो माझी फजिती बघायचा.

"आधी स्टोरीबोर्ड करायचा," साहेब म्हणाले.

बोर्ड म्हटल्यावर मी खिशातून टेप काढला. "किती फुटी?"

साहेबांनी चष्मा पुसला. मग एक कागद घेऊन त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून बारा चौकटी पाडल्या. म्हणाले, "ही गोष्टीची चौकट. फिल्म करायच्या आधी गोष्ट अशी कागदावर मांडायची. पेन्सिलीनं. रंग नाही. माणसं काडीची काढली तरी चालतात. इथे चुकलं तर रबर आहे, फिल्मवर चुकलं तर सरकारचं नुकसान."

मी म्हणालो, "साहेब, सात वर्षं झाली, मी काडीची माणसं काढत नाही."

"काढा," साहेब म्हणाले.

पहिल्या चौकटीत मी जीव ओतला. एका बाजूला नागऱ्याचं महादेवाचं देऊळ, त्यामागे तलाव, तलावाची पाळ, पाळीवर आंब्याचं झाड, झाडाखाली बकरी, बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या धानाच्या वाफ्यात, रोवणाऱ्या बाया, वर सात बगळे. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. "ही बकरी रोवणी करते का?"

"नाही जी."

"मग काय करते?"

"शोभा आणते."

मुन्नालाल फिस्सकन हसला. साहेबांनी रबर घेऊन बकरी पुसली, देऊळ पुसलं, सातही बगळे पुसले. "एका चौकटीत एकच गोष्ट," साहेब म्हणाले. "बघणाऱ्याची नजर कुठे जावी ते तुम्ही ठरवायचं. बकरी काढलीत की गोष्ट बकरीची झाली."

मग दुसरा धडा. एकच गोष्ट लांबून, मधून आणि जवळून कशी दाखवायची. लांबून दाखवलं की जागा कळते, मधून दाखवलं की माणूस कळतो, जवळून दाखवलं की काम कळतं. हे मात्र मला पटलं. पाटी रंगवतानाही मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघतोच.

तिसरा धडा दिशेचा. साहेबांनी उभं राहून, हातवारे करून सांगितला. "गोष्ट डावीकडून उजवीकडे जाते. माणसाचं तोंड उजवीकडे, तर तो पुढे चाललाय. तोंड डावीकडे, तर घरी परततोय. आणि मागे मागे सरकला, तर तो हरला, पळाला. हे जगभर असंच आहे. लिहून घ्या." मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघांनी माझा घात केला.

आठ दिवसांत बारा चौकटी झाल्या, प्रत्येकीत चार बाया. पहिल्यांदा बाया येतात, मग पऱ्ह्यांची पेंडी सोडतात, दोरी धरलेला एक माणूस धुऱ्यावर उभा, धुरा म्हणजे बांधीचा बांध, आणि मग चौकटीमागून चौकट चार-चार बाया तोंड उजवीकडे करून, ऐटीत पुढे पुढे चालत रोवतायत. शेवटच्या चौकटीत चौघींतली एक हातात जाडजूड लोंबी घेऊन हसतेय. साहेबांनी पेन्सिलीची चित्रं पास केली आणि रंग भरायची परवानगी दिली. मग मी कशाला ऐकतो? प्रत्येक चौकटीत बायांना नवी लुगडी नेसवली. हिरवं, जांभळं, किरमिजी, मोरपंखी. फिल्म करायच्या आधी बायांना दाखवून बघायला मोठ्या कागदांवर सगळं उतरवलं. साहेब म्हणाले, "झकास!" पुण्याचा माणूस झकास म्हणतो म्हणजे आपलं काम फत्ते, असं मी समजलो.

आषाढ सरत आला होता आणि दवनीवाड्यात रोवणा जोरात चालला होता. दुपारी बाया शिदोरी सोडायला धुऱ्यावर बसल्या तेव्हा आमची जीप पोचली. दोन पळसांच्या मधे दोरी बांधून मुन्नालालनं बाराही कागद ओळीनं टांगले. साहेब मला म्हणाले, "तुम्ही तोंड बंद." मी तोंडावर रुमाल धरून उभा राहिलो. अंगात नवी पँट होती आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.

पंधरा-सोळा बाया होत्या. पुढे मंदाबाई, जिच्या तोंडाला गावात कोणी लागत नसे. तिच्या बाजूला रुख्मा, नवी लग्न होऊन आलेली पण हसण्यात सगळ्यांच्या पुढे. आणि मधे माय, मांडीवर भाताची शिदोरी. मी मायकडेच बघत होतो. ती पहिल्या चौकटीपासून एकेक करत, मान हळूहळू सरकवत बघत होती.

आधी मंदाबाईनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "चार. चार अन् चार आठ. आठ अन् चार बारा..." शेवटी म्हणाली, "अवो माय! अठ्ठेचाळीस बाया! एका बांधीत!"

"अठ्ठेचाळीस कुठल्या?" साहेब म्हणाले. तोंड बंद ठेवायची अट ते स्वतःच विसरले. "त्याच चार आहेत."

"त्याच कशा असतीन जी? हिचं लुगडं हिरवं, तिचं जांभळं. रोवण्याले कोणी बाई बारा लुगडे नेसून येते का?"

मग रुख्माला हसू फुटलं. ती बोटानं दाखवायला लागली, आणि तिचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. एका म्हातारीला तर ठसका लागला. मला कळेना काय झालं. साहेब म्हणाले, "छान, छान. आनंद होतोय म्हणजे समजलंय. आता गोष्ट सांगा पाहू."

रुख्मा डोळे पुसत उठली आणि गोष्ट सांगायला लागली. "हा धुऱ्यावर दोरी धरून उभा हाय तो मालक. मोठा खडूस हाय. बायायचं काम दोरीनं मोजून राहिला. मंग ह्या चार बायायले राग आला. त्यायनं गावोगावच्या बाया बोलावल्या, अठ्ठेचाळीस. अन् सगळ्या जनी रोवलेल्या धानावर चालून गेल्या. पार तुडवून टाकला रोवणा! अन् ही शेवटची पाहा, जाता जाता मालकाची लोंबी तोडून घेऊन गेली. म्हून हसून राहिली."

"बेस हाय गोष्ट," मंदाबाई म्हणाली. "आमाले आवडली."

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. साहेब पांढरेफटक पडले. सरकारी खर्चानं मालकाचा रोवणा तुडवायची फिल्म! मुन्नालाल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पेंटरसाब, चैतराम को खबर कर दूँ?"

"तुडवलं कुठे? त्या रोवतायत!" मी रुमाल फेकून ओरडलो.

"हाताच्या समोर रोप लावते अन् पुढं पाय टाकते," मंदाबाई म्हणाली. "मंग पाय कोठी पडला?"

"रोपावर!" सगळ्या एका सुरात.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोवणारी बाई पुढे चालतच नाही. ती मागे सरकते. वाकून समोर रोपं लावायची, एक पाऊल मागे, पुन्हा लावायची. हे आमच्या गावातलं शेंबडं पोर सांगेल. मला माहीत नव्हतं असंही नाही. पण वही उघडली आणि माझे डोळे मिटले.

माय हसली नव्हती. तिनं शिदोरी बांधली, उठली आणि कागदांजवळ आली. "हे तू कोठून पाहिलं रे?"

"धुऱ्यावरून," मी म्हणालो.

"तू जन्मला त्याच्या आधीपासून मी रोवून राहिली. तू पोटात होता तवाही ह्याच बांधीत रोवून राहिली होती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माय कोणीकडं चालते तेवढं बी तुले माहीत नाही?"

चारचौघांत कोणी थोबाडीत मारली असती तर चाललं असतं. साहेबांनी खोकून घेतलं. मुन्नालालसुद्धा हसायचा थांबला.

"उतर," माय म्हणाली.

"कोठी?"

"बांधीत."

"माय, नवी पँट हाय. अन् बाप्या माणूस रोवते का कधी?"

"बाप्या माणूस रोवत नाही, मंग रोवण्याचं चित्र कायले काढते?" मी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ज्या चिखलापासून बाराव्या वर्षी पळालो होतो त्यात एकोणतिसाव्या वर्षी उतरलो. बाया जेवण सोडून धुऱ्यावर ओळीनं बसल्या. एवढी गर्दी आमच्या गावात दंडारीच्या खेळालाही होत नाही.

मायनं हातात पेंडी दिली. मी पहिलं रोप लावलं आणि काय सांगू, सवयीनं पाय पुढेच पडला. बायांनी आरोळी ठोकली. "तुडवलं! तुडवलं!" दुसऱ्यांदा मागे सरकलो तर चिखलानं पाय धरून ठेवला आणि मी बसकण मारली. नव्या पँटची वाट लागली. पण त्यानंतर हात हळूहळू चालायला लागले. आणि मला दिसलं की जे झालं ते सगळं डोळ्यांसमोर हिरवंगार उभं राहतं. जे राहिलं ते पाठीमागे असतं. ते दिसतच नाही.

कंबर मोडायला आली तेव्हा मी विचारलं, "माय, बाकी किती राहिलं ते कसं समजते?"

"मागं पाहाचं नाही. मागं पाहिलं का हात थांबते."

"मंग सरलं हे कसं समजते?"

"टाचेले विचार," माय म्हणाली.

आणखी आठ-दहा पावलं मागे गेलो असेन. अचानक टाच कशाला तरी थडकली आणि मी उताणा धुऱ्यावर जाऊन पडलो. बायांनी टाळ्या पिटल्या. "सरली! सरली! उमरावची बांधी सरली!" मी तसाच आभाळाकडे बघत पडून राहिलो. टाच धुऱ्याला लागली की बांधी सरली. आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे आणि माझ्या वहीत ते नव्हतं.

रेस्ट हाऊस आल्यावर मी म्हणालो, "साहेब, मला चार दिवस द्या. बाया मागे सरकताना काढतो."

"मागे सरकणारा हरतो, पेंटर. हे जगभर आहे."

"जगभर रोवणा नसेल साहेब. आमच्याकडे आहे."

साहेब चिडले. मीही चिडलेलो होतो, कमरेपासून खाली चिखल वाळत होता आणि खाज सुटली होती. शेवटी ते म्हणाले, "शनिवार. शनिवारी जमलं नाही तर मी चैतरामला बोलावणार." मी म्हणालो, "बोलवा. त्याला बकरीसुद्धा काढता येत नाही."

चार दिवस मी एकही पाटी हाती घेतली नाही. डावीकडून उजवीकडे जाऊ दे खड्ड्यात. पण साहेबांचा दुसरा धडा मी घट्ट धरला. लांबून, मधून, जवळून. मी बघणाऱ्याला धुऱ्यावर बसवलं. पहिल्या चौकटीत बाया पार समोरच्या टोकाला, चिमुकल्या, पाठ आपल्याकडे. पुढच्या चौकटीत थोड्या मागे सरकलेल्या, म्हणजे आपल्या थोड्या जवळ, आणि त्यांच्यासमोर हिरव्या ओळी उगवलेल्या. मग आणखी जवळ, आणखी हिरवं. दोरी ह्यावेळी दोन बायांच्याच हातात दिली, त्या खडूस मालकाला पुसून टाकलं. एका चौकटीत नुसती दोरी आणि दोन रोपांत ताणलेली वीत. ह्यावेळी चौकटी आठच, बाया चारच, आणि जिथे बाया तिथे त्याच. एकीचं लुगडं खांद्यावर ठिगळाचं, एकीच्या हातात पिवळ्या बांगड्या, एक ठेंगणी. आणि चौथीच्या पायावर घोट्याजवळ विंचवाचं गोंदण. ते कोणाचं ते मला बघायला जावं लागलं नाही. लहानपणी मी तिच्या पायाशी झोपायचो तेव्हा त्या विंचवाच्या नांगीवर बोट फिरवत झोपायचो.

आठव्या चौकटीत दुसरं काहीच नाही. एक टाच, कागदभर मोठी, भेगाळलेली, चिखलानं माखलेली, धुऱ्याला टेकलेली, आणि वर घोट्याशी विंचवाची नांगी.

साहेबांनी चित्रं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ह्यांचे चेहरे कुठे आहेत? सगळ्या पाठी!"

"रोवणाऱ्या बाईचा चेहरा पाण्यालाच दिसतो साहेब."

"आणि हा पाय कसला? गोष्ट कुठे संपली? लोंबी नाही, पीक नाही, आनंद नाही!" मी म्हणालो, आधी बायांना दाखवू. साहेब म्हणाले, तुमची हौस फिटू दे.

शनिवारी पुन्हा तेच दोन पळस, तीच दोरी. ह्यावेळी मुन्नालालला सांगितलं की सगळे कागद एकदम टांगायचे नाहीत, एक काढून दुसरा लावायचा. मी आपणहून तोंडावर रुमाल धरला.

पहिली चौकट. दुसरी. मंदाबाईनं बोटांवर मोजलं आणि चारावर थांबली. तिसरी. चौथीला रुख्मा म्हणाली, "हे ठिगळवाली मंदाबाई होय." "होय तं होय, तुह्या बापाचं काय गेलं?" मंदाबाई म्हणाली, पण खूश झाली. पाचव्या चौकटीत ताणलेली दोरी आणि वीत आली तेव्हा दोघी-तिघींनी नकळत जमिनीवर वीत टेकवून पाहिली. सहावी, सातवी. कागदावरच्या बाया मागे सरकत सरकत इतक्या जवळ आल्या की रुख्मा बसल्या जागी मागे सरकली, त्यांना वाट द्यायला. तिच्यामागची तिच्यामुळे सरकली. सगळी रांग वीतभर मागे गेली.

मुन्नालालनं आठवा कागद लावला.

साहेब माझ्याकडे बघून मान हलवायला लागले. आणि मग सगळ्या बाया एकदम ओरडल्या, "सरली! बांधी सरली!" पदर झटकून उठल्यासुद्धा, खऱ्या बांधीतून उठावं तशा.

"थांबा, थांबा!" साहेब त्यांच्यामागे धावले. "गोष्ट सांगा आधी!"

"सांगाचं काय त्यात?" मंदाबाई म्हणाली. "दोरी ताना, वीत सोडा, ओळीनं रोवा, टाच लागली का घरी जा. पण दोन जनी दोरी धरून बसतीन तं रोवन कोन? तुमी येसान का पुण्याहून?" साहेबांनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. शेवटचा प्रश्नसुद्धा लिहून घेतला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पेंटर, सोमवारी ऑफिसात या. नेमणुकीचा कागद तयार ठेवतो." दिशेचा धडा काही त्यांनी मागे घेतला नाही, पण त्यानंतर तो कोणाला शिकवल्याचंही मी ऐकलं नाही.

खरं सांगतो, साहेबांचं बोलणं माझ्या अर्ध्या कानात शिरलं. मी मायला शोधत होतो.

माय शेवटच्या कागदासमोर उभी होती. तिनं बोट पुढे केलं, ओलं होतं म्हणून पदराला पुसलं, आणि मग विंचवाच्या नांगीवर ठेवलं. हळूहळू टाचेवरून फिरवलं. मी जवळ गेलो पण कळलं का ते विचारायचा धीर होईना. सात वर्षांपूर्वी पाटी दाखवली होती, तेवढं पुरे होतं.

"हे तं माही टाच होय," माय म्हणाली.

मी रुमाल डोळ्यांना लावला. तोंडासाठी आणलेला होता, पण आता त्याला कामच बदलावं लागलं.

तिनं मान तिरपी करून आणखी पाहिलं. मग लुगडं जरा वर धरून आपला पाय बघितला, पुन्हा कागद बघितला. "एक भेग कमी हाय."

"कोणती वो माय?"

"ही पाह्य. आतल्या अंगाची. लई दुखते ते, तेच नाही काढली." आणि तिनं पाय धुऱ्यावर माझ्यासमोर ठेवला.

मी खिशातून पेन्सिल काढली आणि चिखलात गुडघे टेकून बसलो. तिकडे साहेब जीपमध्ये जाऊन बसले होते, मुन्नालाल भोंग्यावर भोंगा वाजवत होता. बांधीतून मंदाबाई हाका मारत होती, "सुलोचनाबाई, चाला ना वो! दिवस बुडते का नाही? कायले उभ्या हाव?"

मायनं पाय हलवला नाही. तिथूनच तिनं सगळ्या टोळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "थांबा वो जराशा. माहा पोरगा काम करून राहिला."